हिरवा राहिलेला कोपरा

आमचं खालचं खाचर नदीच्या अंगाला आहे. कोळवणच्या खोऱ्यात भातासाठी बांध घालून सपाट केलेल्या जमिनीला आम्ही खाचर म्हणतो. यंदा दसरा उलटला आणि सगळं खोरं पिवळं झालं. समोर डोंगराच्या पायथ्याला शहरातल्या लोकांची फार्महाऊसं आहेत, त्यांच्या कुंपणापर्यंत पिवळं. आमचं खाचरही पिवळं, फक्त जांभळीकडचा एक कोपरा तेवढा हिरवागार. असा गर्द, की लांबून निळसर वाटावा.

एकाच दिवशी लावलेलं भात. तेच इंद्रायणीचं बी, तेच पाणी. आणि तो कोपरा आपला श्रावणातल्यासारखा डोलत उभा.

माझा मुलगा कैलास रोज सकाळी बांधावर जायचा आणि त्या कोपऱ्याकडे बघून दात खायचा.

"सोमनाथची किरपा," म्हणायचा. "उन्हाळ्यात दोन राती मेंढरं बसवली अन् तिसऱ्या दिशी वाडा उचलून गेला. सांगून जायची बी रीत न्हाई. त्या फार्महाऊसवाल्यानं बोलावलं असंल, गेला तिकडं."

सोमनाथ म्हणजे तानूबाईचा मुलगा, आणि तानूबाई म्हणजे माझी मैत्रीण. तिचं घर धनगराचं, सुप्याजवळच्या वस्तीवरचं. दर साली दिवाळी झाली की त्यांची मेंढरं बिऱ्हाडासकट आमच्या खोऱ्यात चरायला यायची, त्यालाच वाडा म्हणतात; ती पावसाच्या तोंडाला परत जायची. उन्हाळ्यात मोकळ्या खाचरात ती रात्री बसवायची. वाघूर म्हणजे जाळीचं कुंपण लावायचं, मेंढरं आत कोंडायची, दुसऱ्या रात्री वाघूर पुढे सरकवायची. असं सरकत सरकत सगळं खाचर लेंडीनं भरून जायचं. त्यामुळे मेंढरांनी पिकाला काय दिलं ते वेगळं कधी दिसलंच नव्हतं, सगळं खाचर सारखंच यायचं. यंदा ती एका कोपऱ्यात बसली आणि गेली, म्हणून कोपरा नजरेत भरला. खत जास्त झालं की भात नुसतं वाढत राहतं. पिकायचं त्याच्या ध्यानात येत नाही.

आणि एक रीत होती. नवं भात निघालं की ज्या जागी मेंढरं बसली तिथला वानवळा तानूबाईला जायचा. तिची माणसं खोऱ्यात उतरली की मी पायलीभर नवे तांदूळ पदरात बांधून त्यांच्या पालावर जायची. ती एक दाणा दाताखाली धरायची आणि म्हणायची, "हां, माजीच मेंढरं हायेत ही." मग आम्ही दोघी चहा पीत दुपार घालवायचो.

रविवारी माझी नात दिशा आली. कैलासची धाकटी. पुण्यात ती ताऱ्यांवर संशोधन करते, बावधनला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते. चार वर्षं झाली, पण ती नेमकं काय करते हे घरात कोणालाही सांगता यायचं नाही. तिच्या आईला कोणी विचारलं तर ती म्हणायची, "कॉम्प्युटरवर असते." मी बालवाडीत मुलांना चांदोबा शिकवण्यात आयुष्य घालवलेली बाई, पण माझीही मजल तेवढीच.

दिशा माझ्याबरोबर बांधावर आली आणि कोपरा बघून थबकली. मग हसतच सुटली.

"आज्जी, हे तर माझे तारे!"

"तारे कुटले? भात हाय ते."

"थांब, सांगते." ती बांधावर बसली, मलाही बसवलं. "आकाशात ताऱ्यांचे गुच्छ असतात. हजारो तारे, सगळे एकाच ढगातून जवळपास एकाच वेळी जन्मलेले. म्हणजे हे खाचर. एकाच दिवशी लावलेलं."

"बरं."

"जो तारा मोठा, तो निळा आणि जास्त तेजस्वी. पण तो उधळ्या. जळण भसाभसा संपवतो, मग फुगतो, तांबडा होतो आणि विझायला लागतो. लहान तारे काटकसरी, ते सावकाश जळत राहतात. त्यामुळे जुन्या गुच्छात निळे तारे उरायलाच नकोत. त्यांची पाळी कधीच येऊन गेलेली असते."

"अन् तरी उरत्यात?"

"थोडे उरतात. ऐन तारुण्यात असल्यासारखे, निळे. सत्तर वर्षांपूर्वी पहिल्यांदा दिसले तेव्हा लोक चक्रावले. त्यांना ब्लू स्ट्रॅगलर म्हणतात. कळपामागे रेंगाळलेलं मेंढरू असतं ना, तसे निळे रेंगाळलेले."

मला गंमत वाटली. "मागनं जन्मले असतील."

"सगळ्यांना आधी तसंच वाटतं. पण नाही. वय तेच."

"मग?"

"कोणाकडून तरी मिळालेलं असतं त्यांना. कधी गर्दीत दोन तारे एकमेकांवर आदळतात आणि एक होतात. पण पुष्कळदा असं होतं, की दोन तारे जोडीनं एकमेकांभोवती फिरत असतात. त्यातला एक थोरला असतो. तो आधी म्हातारा होतो, फुगतो, आणि त्याच्या अंगावरचं सगळं हळूहळू धाकट्याकडे वाहत येतं. धाकट्याला नवं जळण मिळतं. तो मोठा होतो, निळा होतो, परत तरुण दिसायला लागतो."

मी कोपऱ्याकडे बघत होते. वाऱ्यानं पिवळी लोंबरं खसखसत होती, हिरवी तशीच गप्प होती.

"अन् देणाऱ्याचं काय होतं गं?"

दिशानं माझ्याकडे जरा वळून बघितलं. "तेच तर माझं काम आहे, आज्जी. सगळे निळ्याकडे बघतात. मी दुसऱ्याला शोधते. तो पार लहान होऊन गेलेला असतो, पृथ्वीएवढा. पांढरा आणि भयंकर तापलेला. पण निळ्याच्या झगमगाटात दिसत नाही. अतिनील उजेडात बघावं लागतं, आणि तो उजेड हवेतून खाली पोचत नाही, म्हणून दुर्बीणच वर अवकाशात पाठवलेली असते. आतापर्यंत थोडे सापडलेत."

"अन् तो निळा? तसाच राहतो?"

"नाही गं. त्याचीही पाळी येते. तो फुगतो, तांबडा होतो. आणि जोडीदार अजून जवळ असला, तर कधीकधी त्याचं वाहून परत त्या लहानग्याकडे जातं. ज्यानं दिलं त्याच्याकडेच." ती हसली. "लहानग्याला ते पचतंच असं नाही हं. मधूनच भडका उडतो त्याचा."

मी उठले. गुडघा धरून उठावं लागतं मला, पण त्या दिवशी पटकन उठले.

"तुज्या फोनवर सोमनाथचा नंबर हाय का?"

कारण माझ्या डोळ्यांसमोर कोपरा नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर कैलास होता, एवढासा, सुरकुतलेला. मोठ्या दुष्काळानंतरच्या वैशाखात तो जन्मला. मला बाळंतपणात ताप भरला आणि दूध आटलं. गाईचं दूध त्याला सोसेना. तेव्हा तानूबाईचा वाडा आमच्या खाचरात होता आणि तिच्या अंगावर तिची तीन महिन्यांची मुलगी होती. ती माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. कोणी बोलवायला गेलं नव्हतं. रडं ऐकून ती स्वतःच घरात आली, हात धुतले, कैलासला उचललं आणि भिंतीला टेकून बसली. एका बाजूला तिची लेक, एका बाजूला माझा मुलगा. तापात मला तेवढंच आठवतं, तिच्या अंगाला येणारा लोकरीचा वास आणि दोन बाळांचं चुटूचुटू. मी उठून हिंडायला लागले तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता आणि ती अजून होती.

हे गावाला ठाऊक होतं, कैलासलाही. त्याच्या बरोबरीचे आता कोणी साखरेनं, कोणी गुडघ्यानं बसलेत. हा पन्नाशी ओलांडूनही पोतं पाठीवर टाकतो. लोक म्हणतात, "धनगराचं दूध हाय ते." ऐकून ऐकून आम्हाला त्यात काही वाटेनासं झालं होतं.

दिशानं फोन लावला. सोमनाथनं उचलला.

"मावशी, चुकलं माजं," म्हणाला. "त्या दिशी पहाटं आय वाघरीपाशी पडली. तसंच टेंपोत घालून नेली. मेंढरं चुलत्याच्या हवाली केली. मागनं फोन करायचा, तर कैलासदादा रागावला असंल म्हनून जीव हुईना."

"आता कशी हाय?"

"हातरुणावरच हाय. गेल्या आठवड्यापासनं जेवनच सोडलंया. तोंड फिरवती. डाक्टर म्हनला, पोटात काई जाऊ द्या, न्हाईतर—" तेवढ्यात मागून कोणीतरी काही विचारलं, फोन खरखरला, आणि एक बारीक आवाज आला.

"कोन हाय? तुळजी?"

"व्हय गं, मीच."

"मेली न्हाईस व्हय अजून?"

"तुज्या आधी कशी मरू? मान थोरलीचा."

ती हसली असावी. हसणं खोकल्यात गेलं. "ऐक. माजी मेंढरं बसली हुती दोन राती. पिकलं का तितलं?"

"तितलंच तेवढं हिरवं हाय. बाकी सगळं पिकलं."

"माजलंय म्हन की! मग वानवळा?"

"ताने, मी उद्याच येते. तू आधी दोन घास—"

"रिकाम्या हातानं आलीस तर तोंड बघायची न्हाई. वानवळा आन. मंग जेवीन."

फोन बंद झाला.

रात्री जेवताना मी कैलासला सगळं सांगितलं. सोमनाथचं ऐकून तो खाली मान घालून भात कालवत राहिला. मग म्हणाला, "गुरवारी मशीन येतंय कापणीचं. एकदाच येनार, मंग ते पौडाकडं जानार. सगळं एकदम कापू. पिवळ्यातलं पायलीभर न्हेऊ तानूमावशीला. हिरव्याचं काय तांदूळ हुतंय का? नुसता चुरा."

"तिला पिवळ्यातलं नगं."

"आये, तिला काय कळनार हाय?"

"तिला कळंल," मी म्हणाले. "अन् तिला न्हाई कळलं तरी तुला कळंल."

तो ताट घेऊन उठला.

गुरुवारी मशीन आलं. चालवणारा पोरगा बाहेरगावचा होता, हिंदी बोलायचा. मी जांभळीखाली खाट टाकून कोपऱ्याच्या तोंडालाच बसले. त्यानं मशीन थांबवलं आणि कैलासला विचारलं, "अम्मा को क्या हुआ?" कैलास म्हणाला, "कुछ नहीं. गोल घुमाके ले." मशीन कोपऱ्याला वळसा घालून गेलं. संध्याकाळपर्यंत खाचर रिकामं झालं आणि कोपऱ्यात तेवढा हिरवा तुकडा राहिला. जाणारा-येणारा थांबून बघायचा. जयसिंग पोलीस पाटील मोटारसायकल उभी करून म्हणाला, "तुळजाबाई, नवस हाय का काय?" मी म्हटलं, "व्हय, नवसच समजा."

सगळ्या खोऱ्यातलं भात निघाल्यावर पाखरांना जायला जागा राहिली नाही. सगळी आमच्या कोपऱ्यावर. मी दिवसभर डबा वाजवत बसायची. रानडुकरांसाठी कैलासनं जुन्या साड्या लावल्या, माझ्याच. लांबून वाटायचं, मी चारी बाजूंनी उभी आहे. रोज लोंबरं हातात घेऊन दाणा नखानं दाबून बघायची. दूध यायचं. अजून कच्चं. मी सोमनाथला फोन करायची. "जेवली का?" "न्हाई. पानी प्याली वाईच." कोपरा घाई करत नव्हता आणि तानूबाई थांबेल की नाही हे कोणी सांगत नव्हतं. खाटेवर बसल्या बसल्या मला वाटायचं, ह्याच मेंढरांच्या वानवळ्यापायी ती तग धरून आहे, आणि ह्याच मेंढरांच्या लेंडीनं वानवळा लांबतोय.

दिशा पुढच्या शनिवारी परत आली. कामाचं डबडं, म्हणजे लॅपटॉप, घेऊन माझ्याजवळ खाटेवर बसली. तिनं मला पडद्यावर ठिपके दाखवले. कर्क राशीतला एक जुना गुच्छ होता तो. बाकी ठिपके एका रांगेत वळून गेलेले, आणि वरच्या अंगाला थोडे वेगळेच, आपले आपले. "हे बघ, हे रेंगाळलेले."

"अन् ते दुसरे? देनारे?"

"ते ह्यात दिसत नाहीत. ह्या ठिपक्यांच्या आतच आहेत."

तेवढ्यात फोन वाजला. सोमनाथ होता. एवढंच म्हणाला, "मावशी, येयाचं आसंल तर आता या."

कोपरा वरून पिवळसर झाला होता, बुडाशी हिरवाच. तांदूळ होण्यातला नव्हता. दिशा म्हणाली, "आज्जी, आपण नुसतं जाऊ. त्यांना समजेल."

कैलास पडवीत उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो आत गेला, आढ्यावरचा विळा काढला आणि कोपऱ्यात उतरला. वाकून मुठीमुठीनं कापायला लागला. कितीतरी वर्षांनी मी त्याला विळ्यानं कापताना बघत होते.

"आरं, कच्चं हाय ते!" मी ओरडले.

"पोह्याला कच्चंच लागतंय की," तो मान वर न करता म्हणाला. "तूच करायचीस माज्या लहानपनी. इसरलीस?"

मी विसरले होते. खरंच विसरले होते. पुरतं न पिकलेलं भात भिजवून, मडक्यात भाजून, गरम गरम कांडलं की त्याचे मऊ, हिरवट पोहे होतात. दात नसलेल्या माणसालाही चालतात. इतके दिवस मी तांदळाचीच वाट बघत बसले होते, दारात पोहे उभे असताना.

पहाटे चूल पेटवली. सुनेनं भाजलं, मी आणि दिशानं उखळात कांडलं. दिशाचा मुसळाचा नेम चुकायचा आणि ती मलाच रागवायची. वास असा सुटला, की शेजारची लहान पोरं दारात येऊन उभी राहिली. त्यांना मूठ मूठ दिली, बाकी फडक्यात बांधलं.

जीपनं पौड, चांदणी चौक, कात्रज करत, घाट चढून सासवडवरून सुप्याला पोचलो. वस्तीवर गेलो तर सोमनाथ दारातच होता. कैलासला बघून तो खाली बघायला लागला. कैलासनं त्याच्या पाठीवर एक थाप मारली, ती जरा जोरातच मारली, आणि आत गेला.

तानूबाई खाटेवर होती. मी दारातच थांबले. ती केवढीशी झाली होती. माझ्याहून हातभर उंच असलेली बाई, डोक्यावर बिऱ्हाड घेऊन घाट चढणारी, आता घोंगडीखाली आहे की नाही हे बघावं लागत होतं. केस पांढरेशुभ्र. खिडकीतल्या उन्हात तेवढे चमकत होते.

"आली का," तिनं डोळे उघडले. "आनला का?"

मी फडकं सोडलं. तिनं पोह्यांकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ह्ये काय? तांदूळ कुटं हाय?"

"पिकलं न्हाई गं. पोहं केलं."

"पिकलं न्हाई!" तिच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. "पिकंल कसं? सोम्या, तुला सांगितलं हुतं, मला तितंच राहू दे, वाघूर सरकव! एका कोपऱ्यात बसवून पळालास, साऱ्या गावात शोभा झाली आसंल. लोकं काय म्हनली आसतील, तानीला मेंढरं बसवता येत न्हाईत?"

दिशा माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "भडका." मी तिला कोपरखळी मारली.

सोमनाथच्या बायकोनं शेळीचं दूध गरम करून आणलं. मी पोहे वाटीत भिजवले. तानूबाईनं तोंड फिरवलं. तेव्हा कैलास पुढे झाला, खाटेच्या कडेला टेकला आणि माझ्या हातातली वाटी घेतली.

"मावशे, तोंड उघड."

तिनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "केवडा झालाय टोणगा. सोम्या, बघ, ह्यो तुजी निम्मी मेंढरं प्यालाय."

"म्हंजी?" कैलास म्हणाला.

"म्हंजी काय? समदे वाडे पावसाच्या आदी देशाला उतरले. आमचे मालक म्हनले, चल, हितला पाऊस मेंढराला सोसायचा न्हाई. म्या म्हनलं, पोरगं अंगावरचं सोडतंय व्हय? आनखी म्हैनाभर ऱ्हायलो. पाय कुजून निम्मी मेंढरं गेली. मालक बोलले न्हाईत माज्याशी दिवाळीपतूर." ती हसत होती. "पर ह्यो गुबगुबीत झाला."

कैलासचा हात वाटीवर तसाच थांबला. पुढच्या साली त्यांचा कळप लहान होता हे मला आठवलं. मी विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "इकली थोडी." आम्ही चहा प्यायलो होतो आणि मी पुढे विचारलं नव्हतं. बावन्न वर्षं दर साली वानवळा घेताना ती दाणा दाताखाली धरत होती, आणि हे तिनं कधीच सांगितलं नाही. आज सांगितलं तेही चेष्टेत.

"मला का न्हाई बोललीस?" मी म्हणाले.

"काय बोलायचं त्यात? तवा तुला ताप हुता. मंग पाऊस हुता. मंग इसरले."

कैलासनं घास पुढे केला. ह्या वेळी तिनं तोंड उघडलं. पोहे जिभेवर घोळवले, डोळे मिटले. आम्ही सगळे तिच्या गळ्याकडे बघत होतो. घास खाली उतरला.

"हां," ती म्हणाली. "माजीच हायेत."

मग दुसरा घास. मग तिसरा. चौथ्याला तिनं कैलासचं बोट हिरड्यांत धरलं आणि म्हणाली, "दात न्हाईत म्हनून वाचलास." तो हसायला गेला आणि त्याला बाहेर जावं लागलं. सोमनाथ त्याच्या मागे गेला. दोघं गोठ्याशी पाठमोरे उभे होते. तंबाखू मळत होते.

उरलेली वाटी मी भरवली. दिशा खाटेशी खाली बसली होती. तिनं तानूबाईचा हात हातात घेतला आणि दचकून माझ्याकडे बघितलं. "आज्जी, किती गरम आहे हात यांचा!"

"मंग?" तानूबाई डोळे न उघडता म्हणाली. "इझले न्हाई अजून." थोड्या वेळानं तिनं एक डोळा उघडला. "ही कोन गं? कैलासची? काय करती?"

दिशा सांगायला गेली आणि अडखळली. घरात सगळ्यांचं होतं तसंच तिचंही झालं. मग मीच सांगितलं. "राखण करती ताऱ्यांची. कळपातलं कोन मागं राहिलं अन् कुनामुळं राहिलं, ते हुडकती."

"चांगलं काम हाय," तानूबाई म्हणाली आणि दिशाचा हात घोंगडीत ओढून घेतला. "तुळजे, वाटीत अजून हाय का? का समदं तुज्या पाखरांनी खाल्लं?"

फडक्यात अजून होते. मी दुधासाठी हाक मारली.